वरचे जुने, खालचे नवे : डोंगरातला एक वाद आणि तो मिटवणारा नकाशा

सह्याद्रीतल्या कोणत्याही घाटात डोंगराच्या उभ्या अंगावर आडवे पट्टे दिसतात. एकेक पट्टा म्हणजे लाव्हाचा एकेक थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे थर एकावर एक पसरत गेले. त्यांतला सर्वांत खालचा थर सर्वांत जुना आणि माथ्यावरचा सर्वांत नवा, हे सांगण्यासाठी भूशास्त्र शिकावे लागत नाही. घरातल्या रद्दीच्या गठ्ठ्यातही जुने वर्तमानपत्र खाली आणि आजचे वर असते. निकोलस स्टेनो या डॅनिश विद्वानाने १६६९ मध्ये हीच गोष्ट नियम म्हणून मांडली. भूशास्त्रातले सारे कालगणन या साध्या नियमावर उभे राहिले.

पण या नियमाला एक अट आहे. गठ्ठा कोणी विसकटलेला नसावा. सह्याद्रीत तो फारसा विसकटलेला नाही. हिमालय, आल्प्स यांसारख्या पर्वतरांगांत मात्र थर दाबले गेले, दुमडले, फाटले आणि एकमेकांवर चढले. खडकाला भेग पडून तिच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या संदर्भात सरकल्या, तर त्याला आपण भ्रंश म्हणतो. असे भ्रंश झालेला गठ्ठा अस्ताव्यस्त दिसत असेल, तर तो विसकटला आहे हे लगेच कळते. अडचण येते ती विसकटलेला गठ्ठाही नीटनेटका दिसतो तेव्हा. वरचा थर खालच्या थरावर अगदी व्यवस्थित टेकलेला दिसतो, आणि तरीही वरचा जुना आणि खालचा नवा असतो. हे ओळखायचे कसे?

स्कॉटलंडच्या वायव्य भागातल्या डोंगरांत या एका प्रश्नावर जवळजवळ तीस वर्षे वाद चालला. तो सभांतून मिटला नाही, मोठ्या माणसांच्या शब्दांनीही मिटला नाही. पायी हिंडून काढलेल्या एका नकाशाने तो मिटला. त्या नकाशाचा इतिहास इथे पाहू.

डोंगरात काय दिसते?

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याकडून पूर्वेकडे चालत गेलो, तर खडकांचा क्रम पुढीलप्रमाणे लागतो. सर्वांत खाली नाइस, म्हणजे उष्णता आणि दाब यांमुळे रूप पालटलेला, पट्ट्यापट्ट्यांचा खडक. त्यावर टॉरिडन भागातला तांबूस वालुकाश्म. त्यावर पांढरा क्वार्टझाइट, म्हणजे वाळूचाच पण घट्ट झालेला खडक. त्यावर डर्नेस गावाच्या नावाने ओळखला जाणारा चुनखडक. येथवर काही विशेष नाही. पण आणखी पूर्वेला गेले की चुनखडकाच्या वर पुन्हा रूपांतरित खडक सुरू होतो. हा शिस्ट, पापुद्र्यापापुद्र्यांचा. त्याला मॉइन शिस्ट म्हणतात. सगळे थर पूर्वेकडे हलके कललेले आहेत आणि शिस्टही त्याच कलाने चुनखडकावर टेकलेला दिसतो. नॉकन येथील कड्यावर ही सीमारेषा आजही हाताने दाखवता येते.

आज आपल्याला या खडकांची वये ठाऊक आहेत. चुनखडक पन्नास कोटी वर्षांच्या आसपासचा, तर त्याच्यावरचा शिस्ट ज्या वाळू-चिखलापासून झाला, तो गाळ साठला सुमारे ९० ते १०० कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे वरचा खडक खालच्याच्या जवळपास दुप्पट वयाचा आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात खडकांचे वय वर्षांत मोजण्याची सोय नव्हती. जीवाश्म आणि थरांचा क्रम एवढीच साधने हाती होती. जीवाश्म होते, पण फक्त चुनखडकात. चार्ल्स पीच नावाच्या सरकारी नोकरीतल्या एका हौशी निसर्गाभ्यासकाला ते १८५४ मध्ये डर्नेसजवळ सापडले. शिस्टमध्ये जीवाश्म नव्हते. त्याचे वय ठरवायला त्याची जागा एवढाच पुरावा होता.

मर्चिसन आणि निकोल

रॉडरिक मर्चिसन हे त्या काळच्या ब्रिटिश भूशास्त्रातले सर्वांत वजनदार नाव. 'सिल्युरियन' या भूशास्त्रीय कालखंडाला त्यांनी १८३५ मध्ये नाव दिले होते. १८५५ मध्ये ते ब्रिटनच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले. त्याच वर्षी ते आणि अबर्डीनचे प्राध्यापक जेम्स निकोल या भागात बरोबर हिंडले. दोघांनी तेच खडक पाहिले. पुढे मात्र दोघांचे निष्कर्ष वेगळे झाले.

मर्चिसन यांचे म्हणणे सरळ होते. शिस्ट चुनखडकावर आहे, दोघांचा कल एकच आहे, म्हणून शिस्ट चुनखडकानंतरचा. चुनखडकातले जीवाश्म त्यांच्या लाडक्या सिल्युरियन कालखंडातले ठरवले गेले होते. तेव्हा स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशाचा बराच मोठा भाग सिल्युरियन ठरत होता. हे त्यांना आवडणारे उत्तर होते, यात शंका नाही. पण ते केवळ आवडीपोटी दिले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्टेनोचा नियम लावला तर तेच उत्तर येत होते.

निकोल यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वेगळे मत मांडले. शिस्ट आणि चुनखडक यांच्यातली सीमा ही थर साचल्याची सीमा नसून तिथे भ्रंश आहे, आणि पूर्वेकडचा खडक जुनाच आहे, असे ते म्हणाले. या सीमेवर खडक ठिकठिकाणी चुरडलेले दिसतात आणि सीमेखाली येणारा थर दर ठिकाणी एकच नसतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. निकोल यांचेही सगळे बरोबर नव्हते. त्यांच्या मनातला भ्रंश बहुतेक ठिकाणी उभा होता. जवळजवळ आडव्या पातळीवरून मैलोगणती खडक सरकू शकतो, ही कल्पना त्या काळी फारशी कोणाच्या मनात नव्हती. पण मूळ मुद्दा त्यांनी पकडला होता.

वादात निकोल एकटे पडले. मर्चिसन १८६० मध्ये पुन्हा या भागात गेले, ते आर्चिबाल्ड गीकी या तरुण सहकाऱ्याला घेऊन. दोघांनी मिळून आपल्या मताची मांडणी केली आणि तीच सर्वमान्य झाली. पुढे गीकी स्कॉटलंडच्या सर्वेक्षणाचे संचालक झाले. एडिंबरो विद्यापीठात मर्चिसन यांनी दिलेल्या देणगीतून भूशास्त्राचे पद निर्माण झाले, त्यावर १८७१ मध्ये पहिले प्राध्यापक म्हणूनही गीकीच आले. त्याच वर्षी मर्चिसन वारले. निकोल १८७९ मध्ये गेले. आपले म्हणणे मान्य झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

एक शाळामास्तर

याच काळात दक्षिण स्कॉटलंडमधल्या गॅलाशील्स या गिरण्यांच्या गावात चार्ल्स लॅपवर्थ नावाचे एक शिक्षक शाळेत शिकवत होते. त्यांनी भूशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते, शिक्षण झाले होते ते अध्यापनाचे. १८६४ पासून अकरा वर्षे ते या गावात होते. सुट्टीच्या दिवशी ते जवळच्या डोंगरांत जात आणि काळ्या शेलमधले ग्रॅप्टोलाइट गोळा करत. ग्रॅप्टोलाइट म्हणजे दगडावर पेन्सिलीने रेघ ओढल्यासारखे दिसणारे, नष्ट झालेल्या सागरी जीवांचे जीवाश्म. लॅपवर्थ यांच्या ध्यानात आले की, ग्रॅप्टोलाइटच्या जाती ठराविक क्रमाने बदलत जातात. त्या ओळखल्या तर हातभर जाडीचा थरही ओळखता येतो. मग त्यांनी त्या भागाचा बारकाईने नकाशा काढला. अनेक वेगवेगळे, एकावर एक असलेले मानले गेलेले काळ्या शेलचे पट्टे म्हणजे एकच पातळ पट्टा आहे, आणि घड्या व भ्रंश यांमुळे तो पुन्हा पुन्हा वर आला आहे, हे त्यातून दिसून आले. १८७८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले.

१८७५ मध्ये लॅपवर्थ सेंट अँड्र्यूज येथील मद्रास कॉलेज या शाळेत गेले. या शाळेच्या नावाचा आपल्याशी संबंध आहे. तिच्यासाठी पैसा देणारे अँड्र्यू बेल अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेवर होते. थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवायची पद्धत त्यांनी तिथे वापरली आणि युरोपात नेली. १८८१ मध्ये लॅपवर्थ बर्मिंगहॅमला भूशास्त्राचे प्राध्यापक झाले. तोवर वायव्येकडचा जुना वाद पुन्हा डोके वर काढू लागला होता. १८८२ आणि १८८३ च्या उन्हाळ्यात लॅपवर्थ डर्नेस-एरिबॉल भागात गेले. बरोबर होती ती गॅलाशील्सला कमावलेली रीत : पातळ थर ओळखायचे आणि पायी हिंडून त्यांचा माग काढायचा.

नकाशा कसा बनतो?

ही रीत नेमकी काय होती ते समजून घेऊ, कारण सगळ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे.

मर्चिसन आणि गीकी यांनी किनाऱ्यापासून आत जाणाऱ्या काही ठराविक वाटांनी जाऊन छेद काढले होते. छेद म्हणजे डोंगर सुरीने उभा कापला तर काय दिसेल त्याचे चित्र. अशा चित्रात पाहिलेल्या दोन ठिकाणांमधली जागा आपल्या समजुतीने भरावी लागते. लॅपवर्थ यांनी छेदाऐवजी नकाशापासून सुरुवात केली. एका मैलाला सहा इंच या प्रमाणाचा मोठा नकाशा घेतला. खडक जिथे जिथे उघडा पडला आहे, तिथे तिथे जाऊन तो कोणता, त्याचा कल किती आणि कोणत्या दिशेला, हे नकाशावर नोंदवले. मग एका थराची सीमा धरून ओढे, टेकड्या, दलदली ओलांडत ती कुठवर जाते ते पाहिले. सीमा तुटली तर का तुटली याचा शोध घेतला.

इथे पातळ थर कामी आले. क्वार्टझाइटच्या वरच्या भागात किड्यांच्या बिळांच्या उभ्या नळ्या दिसतात. त्याच्यावर तपकिरी शेलचा एक पातळ थर, त्यावर भरड वालुकाश्माचा तसाच पातळ थर आणि मग चुनखडक. हे थर चुकता न येण्याजोगे आहेत. जणू रद्दीच्या गठ्ठ्यातले तारखा असलेले अंक. चालता चालता हा क्रम एकदा लागला, आणि थोडे पुढे गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून लागला, पुन्हा लागला, तर काय समजायचे? समुद्रात तोच गाळ त्याच क्रमाने दहादा साचला, असे म्हणणे कठीण. तोच एक गठ्ठा फाटून, त्याचे तुकडे कौलांसारखे एकमेकांवर चढले, हे म्हणणे सयुक्तिक. मर्चिसन यांनी चुनखडकाच्या वरचा नवा थर मानलेला क्वार्टझाइट हा असाच पुन्हा वर आलेला जुना क्वार्टझाइट होता.

दुसरी खूण सीमेच्या आकाराची. उभा भ्रंश नकाशावर डोंगर-दऱ्या न जुमानता सरळ रेघेत जातो. आडव्या पातळीची सीमा मात्र समोच्च रेषांसारखी डोंगराला वळसे घेत, दरीत आत शिरत जाते. शिस्टखालची सीमा कमी कलाच्या पातळीसारखी वळसे घेत होती. म्हणजे ती उभी नव्हती. आणि ती खालचे थर कापत होती : एका ठिकाणी तिच्याखाली चुनखडक, दुसरीकडे क्वार्टझाइट, तिसरीकडे थेट नाइस. शांतपणे साचलेल्या थरांत असे होत नाही. अशा कमी कलाच्या भ्रंशाला, ज्यावरून वरचा खडक खालच्यावर ढकलला जातो, पुढे 'थ्रस्ट' हे नाव रूढ झाले.

तिसरी खूण सीमेवरच्या खडकाची. तिथे एक बारीक कणांचा, पट्टेदार, कठीण खडक होता. लॅपवर्थ यांनी ओळखले की, हा मुळात वेगळा खडक नाही. दोन पाषाणांच्या मध्ये भरडला जाऊन आणि ताणला जाऊन तो असा झाला आहे. १८८५ मध्ये त्यांनी त्याला 'मायलोनाइट' हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जाते. जात्याची खालची पाळी म्हणजे चुनखडक, वरची म्हणजे शिस्ट आणि मधले पीठ म्हणजे मायलोनाइट, असे मुलांना सांगता येईल. आज आपल्याला माहीत आहे की, खोलवरच्या उष्णतेत हा खडक भरडण्यापेक्षा मळला जास्त जातो. तरी नाव टिकले.

लॅपवर्थ यांनी १८८३ मध्ये या प्रदेशाचे गुपित उलगडल्याचे सांगणारे लेख लिहायला घेतले. पण त्याच वर्षी त्यांची प्रकृती पार ढासळली आणि काम अर्धवट राहिले. रात्री अंथरुणात पडल्यावर तो सरकणारा अजस्र खडक आपल्या अंगावरून जातो आहे असे त्यांना भासे, अशी आख्यायिका भूशास्त्रज्ञांत सांगितली जाते.

खात्याचा नकाशा खात्याच्या विरुद्ध

आता प्रश्न सरकारी खात्याचा होता. १८८२ पासून गीकी संपूर्ण ब्रिटनच्या सर्वेक्षणाचे प्रमुख होते. स्वतःच्या उमेदीच्या काळातले मत पणाला लागले होते, आणि ज्यांनी त्यांना पुढे आणले त्या मर्चिसन यांचेही. १८८३ मध्ये त्यांनी आपले दोन उत्तम सर्वेक्षक, बेन पीच आणि जॉन हॉर्न, डर्नेस-एरिबॉल भागात पाठवले. बेन पीच हे, १८५४ मध्ये जीवाश्म शोधणाऱ्या चार्ल्स पीच यांचे चिरंजीव. कोणतेही छापील मत मनात न ठेवता फक्त दिसेल ते नकाशावर उतरवा, असे त्यांना बजावले होते, असे गीकी यांनी पुढे लिहिले.

पीच आणि हॉर्न यांनी तसेच केले, आणि नकाशा त्यांच्या वरिष्ठांच्या मताविरुद्ध गेला. १८८४ मध्ये गीकी स्वतः तिथे गेले. या दोघांबरोबर डोंगर चढले आणि जागेवर पाहून त्यांची खात्री पटली. १३ नोव्हेंबर १८८४ च्या 'नेचर' साप्ताहिकात पीच आणि हॉर्न यांचा अहवाल आणि त्याला जोडून गीकी यांची टिपणी प्रसिद्ध झाली. मर्चिसन यांचे आणि आपले मत सोडून द्यावे लागत आहे, हे त्यांनी तीत जाहीरपणे लिहिले.

हा प्रसंग दोन बाजूंनी पाहायला हवा. खात्याच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसांचा नकाशा दडपला नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण श्रेयाचे वाटप नीट झाले नाही, हेही खरे. निकोल हयात नव्हते. लॅपवर्थ आणि त्यांच्या बरोबरीने या भागात नकाशे काढणारे चार्ल्स कॅलावे हे खात्याच्या आधी तिथे पोचले होते, याची योग्य दखल त्या वेळी घेतली गेली नाही. १९०७ मध्ये खात्याने या प्रदेशावर जो मोठा ग्रंथ काढला, त्याच्या इतिहासाच्या प्रकरणात मात्र निकोल आणि लॅपवर्थ यांच्या कामाची मानाने नोंद केली आहे.

कोण आधी, कोण नंतर?

भ्रंश आहे एवढे सिद्ध झाले. आता त्याचा इतिहास लावायचा होता. किती सरकला? केव्हा सरकला? एकाहून जास्त भ्रंश असतील तर आधी कोणता?

'किती' याचे उत्तर नकाशावरच्या एका बेटाने दिले. डर्नेसजवळ किनाऱ्यावर शिस्ट आणि मायलोनाइट यांचा एक सुटा तुकडा चुनखडकावर बसलेला आहे. मुख्य शिस्टपासून तो सुमारे १६ किलोमीटर पश्चिमेला आहे. मधला भाग झिजून गेला. याचा अर्थ शिस्टची चादर निदान तेवढी तरी सरकली असली पाहिजे. आज हे अंतर याच्या काही पट मानले जाते. हा तुकडा झिजेतून वाचला, कारण नंतरच्या उभ्या भ्रंशांमुळे तो खाली खचला. ते भ्रंश थ्रस्टला कापतात, म्हणून ते थ्रस्टनंतरचे. कापणारा नवा, कापला जाणारा जुना : हा भूशास्त्रातला दुसरा मोठा नियम.

'केव्हा' याचे उत्तर अग्निजन्य खडकांनी दिले. अ‍ॅसिंट भागात भेगांत शिरून थिजलेल्या शिलारसाचे खडक आहेत. काही थ्रस्टबरोबर सरकले आणि चुरडले गेले, म्हणजे ते आधीचे. त्यांच्यातल्या खनिजांतील किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून पुढे वय काढता आले : सुमारे ४३ कोटी वर्षे. खडक सरकण्याचा काळ त्याच सुमाराचा ठरला.

'आधी कोणता' हा प्रश्न सर्वांत अवघड. अ‍ॅसिंटमध्ये एकावर एक असे अनेक थ्रस्ट आहेत. सर्वांत वर मॉइन थ्रस्ट. पीच आणि हॉर्न यांना दिसले की, वरचे मोठे थ्रस्ट खालच्या लहान थ्रस्टांच्या तुकड्यांना वरून छाटतात. म्हणून खालचे आधीचे, वरचे नंतरचे, असे त्यांनी मानले. त्यांचे सहकारी हेन्री कॅडेल यांनी १८८७ च्या सुमारास एका पेटीत माती, वाळू आणि प्लास्टर यांचे थर घालून एका बाजूने फळीने ढकलून पाहिले. थर आधी दुमडतील आणि मगच फाटतील असे नव्हे, ते सरळ फाटून एकमेकांवर चढतात, हे त्यांनी दाखवले. चढलेला ढीग मग सबंधच पुढे सरकतो, असेही त्यांना दिसले.

१९८० मध्ये एलियट आणि जॉन्सन या भूशास्त्रज्ञांनी याच प्रदेशाकडे पुन्हा पाहिले आणि क्रम उलटा लावला. वरचा थ्रस्ट आधीचा. मग त्याच्याखाली, पुढच्या बाजूला नवा थ्रस्ट तयार होतो आणि वरच्याला पाठीवर घेऊन पुढे जातो. खालचे तुकडे एकमेकांवर चढतात तेव्हा वरच्या थ्रस्टची पातळी वाकते. अशा वाकलेल्या पातळ्या नकाशावर दिसत होत्या. काही ठिकाणी वरचा थ्रस्ट उशिरा पुन्हा हलला असावा, असे मानायलाही आज जागा आहे.

इथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते. पीच आणि हॉर्न यांचे स्पष्टीकरण पालटले, तरी त्यांचा नकाशा पालटावा लागला नाही. नव्या स्पष्टीकरणाला पुरावा मिळाला तो मुख्यतः त्याच जुन्या नकाशातून. मर्चिसन यांच्या छेदात मत आणि निरीक्षण एकजीव झाले होते. मत गेले तेव्हा छेदही गेला. पीच आणि हॉर्न यांनी दिसले ते वेगळे नोंदवले आणि वाटले ते वेगळे लिहिले. म्हणून शंभर वर्षांनंतर दुसऱ्यांना त्यांच्याशी असहमत होतानाही त्यांचाच आधार घेता आला.

हिमालयात

स्कॉटलंडमधले हे भ्रंश केव्हाच थंडावले आहेत. हिमालयातले जिवंत आहेत. भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यातल्या जॉन ऑडेन यांनी सोलनजवळच्या क्रोल डोंगराच्या पट्ट्याचा नकाशा काढून १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. जुने खडक नव्या खडकांवर चढून बसल्याचे तिथेही दिसले. त्याआधी १९३१ मध्ये दाराशा वाडिया यांनी काश्मीरकडच्या हिमालयाची रचना अशाच थ्रस्टांच्या आधारे उलगडली होती. १९३६ मध्ये आर्नोल्ड हाइम आणि ऑगस्ट गान्सर हे स्विस भूशास्त्रज्ञ कुमाऊँ-गढवालमध्ये पायी हिंडले. उच्च हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या मोठ्या भ्रंशाला त्यांनी 'मेन सेंट्रल थ्रस्ट' हे नाव दिले.

या आणि नंतरच्या नकाशांतून हिमालयाचा जो क्रम लागतो, तो आपल्या ओळखीचा आहे. आतला, उत्तरेकडचा मेन सेंट्रल थ्रस्ट साधारण दोन कोटी वर्षांपूर्वी जोरात हलत होता. त्याच्या दक्षिणेचा मेन बाउंडरी थ्रस्ट साधारण एक कोटी वर्षांपूर्वीपासूनचा. आणि मैदानाच्या काठावरचा, शिवालिक टेकड्यांना वर उचलणारा भ्रंश त्याहूनही अलीकडचा. क्रम डोंगराकडून मैदानाकडे सरकतो. भारतीय भूखंड आजही हिमालयाखाली वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर या वेगाने घुसतो आहे.

कोणता भ्रंश जुना आणि निवांत, कोणता नवा आणि जागा, हे ठरवणे इथे केवळ ज्ञानासाठी नाही. १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपात जमीन कुठे फाटली हे कित्येक वर्षे सापडले नव्हते. मैदानाच्या काठावर नकाशे काढून आणि चर खणून ती फाट शोधल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१५ च्या नेपाळ भूकंपात मात्र भ्रंशावरची हालचाल जमिनीपर्यंत पोचली नाही. धरण, बोगदा, शाळेची इमारत कुठे आणि कशी बांधायची याचा विचार अशा माहितीवर करावा लागतो. उपग्रहांच्या प्रतिमा आता मदतीला आहेत, पण कोणता थर कोणत्या थराला कापतो हे अखेर जागेवर जाऊनच पाहावे लागते.

वर्गात

कॅडेल यांचा प्रयोग आपल्याला सहज करता येतो. एका बाजूने काच किंवा पारदर्शक प्लास्टिक असलेली उथळ पेटी घ्यावी. तिच्यात कोरड्या बारीक वाळूचे आणि पांढऱ्या रांगोळीचे पातळ थर आलटून पालटून घालावेत, एकूण जाडी दोन-तीन सेंटिमीटर. मग एका टोकाकडून उभी फळी हळूहळू पुढे ढकलावी. रांगोळीच्या रेघा तुटून एकमेकींवर चढताना दिसतील. नवी फाट कुठे पडते, फळीजवळ की पुढच्या बाजूला, हे मुलांना पाहायला सांगावे. काचेवर दर वेळी दिसणाऱ्या रेघा शाईने उमटवून क्रमांक द्यावेत. 'आधी कोणती' हा वाद वर्गातच रंगेल.

गावाजवळचा डोंगर सह्याद्रीचा असेल, तर नकाशाचा सरावही होईल. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कित्येकदा विटकरी लाल रंगाचा पातळ थर असतो. तो रस्त्याच्या कापात शोधून डोंगराभोवती कुठवर जातो ते मुलांनी चालत पाहावे आणि नकाशावर रेघ ओढावी. धुळे-नंदुरबारकडे लाव्हाच्या थरांना कापत उभ्या भिंतींसारखे गेलेले डाइक पुष्कळ आहेत. कापणारा नवा की जुना, हे तिथे विचारता येईल.

मात्र एक पथ्य पाळावे. मुलांनी जिथे खडक प्रत्यक्ष पाहिला तिथे रेघ सलग ओढावी, जिथे माती किंवा झाडी होती आणि अंदाज केला तिथे तुटक. सर्वेक्षक नकाशात हेच करतात. आपण पाहिलेले किती आणि मानलेले किती, हे त्या दोन प्रकारच्या रेघांमुळे नकाशा हाती घेणाऱ्या प्रत्येकाला कळते, आणि चूक निघाली तर ती कुठे दुरुस्त करायची हेही.